गोठ्यातला आवाज

बनाबाईच्या समाधाननं रॉक गाणी केली आणि ती निरगुडसरला कुणाला फारशी कळली नाहीत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वडील भागुजी भीमजयंतीला पेटी धरून गाणारे. त्यांच्या पोरानं जुन्नरच्या कॉलेजात गिटार गळ्यात अडकवली आणि नरड्याच्या शिरा ताणून गायला लागला. गाणी मात्र स्वतःची, घरच्याच बोलीतली. रात्रीच येणाऱ्या शेतीच्या लायटीवर, हात दाखवूनही न थांबणाऱ्या एसटीवर, आईच्या भेगाळलेल्या हातांवर. दिवसा पिकअपमधून टोमॅटो वाहायचा, संध्याकाळी सुदर्शन नावाच्या मित्राच्या ड्रमवर गायचा. पुण्यात कार्यक्रम झाले, पोरंटोरं त्याला नावानं ओळखू लागली. गावानं मात्र त्याला डोक्यावर घेतलं ते बिबट्यामुळं!

ऊस वाढला की इकडं बिबट्या दारापर्यंत येतो. माणसाच्या आवाजाला बिचकतो, म्हणून लोक गोठ्यात स्पीकर लावून ठेवतात. भागुजींनी पोराचंच गाणं लावलं. "बिबट्याच काय, पावणं बी फिरकंना झालंत," असं ते चारचौघांत सांगायचे. समाधानही खोखो हसायचा आणि शेजाऱ्यांच्या मोबाइलमध्ये गाणं भरून द्यायचा. दुसऱ्या कुठल्या गायकाला इतक्या गोठ्यांत मान मिळाला असेल, सांगा बरं?

मग एका पावसाळ्यात आळेफाट्याच्या अलीकडं त्याची पिकअप उलटली. समाधान जागेवरच गेला.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला कॉलेजची पोरं गिटार घेऊन आली, त्याचीच गाणी गायली. त्यातली काही आता स्वतः गाणी करतात, आपापल्या बोलीत, न लाजता. बनाबाईला त्याचं बरं वाटतं. पण तिचा जीव अडकला होता तो दिवेलागणीला गोठ्यात सुरू होणाऱ्या आवाजात. मोबाइलवर ऐकलं की तो गेलेला असायचा. गोठ्यात ऐकलं की तो राखणीला बसलेला असायचा. वेडेपणा म्हणा हवं तर. तिला तेवढ्यावर झोप लागायची.

एकच आवाज रोज ऐकला की बिबट्याला त्याची सवय होते, हे इकडं सगळ्यांना ठाऊक. शेजाऱ्यांनी एकेक करून गाणं बदललं, कुणी बातम्या लावल्या, कुणी हिंदी मालिका. बनाबाईनं बदलू दिलं नाही. भागुजींनीही जोर केला नाही, त्यांनाही कुठं बदलायचं होतं! आणि परवा गाणं चालू असतानाच बिबट्यानं गाभण शेळी उचलून नेली.

सकाळी भागुजी स्पीकरखाली उभे राहिले. "आता बदलाया लागंल गं. त्या जनावराला पोराच्या आवाजाची सवय झालीया." एवढं बोलले, पण हात काही वर जाईना.

बनाबाई मातीवरच्या रक्तावर राख टाकत होती. उरलेल्या दोन शेळ्या भेदरून भिंतीला चिकटल्या होत्या. तिनं त्यांच्याकडं पाहिलं, बादली पालथी घालून तिच्यावर चढली आणि वायर उपसून काढली. मग वायर हातात घेऊन तिथंच खाली बसली.

"जनावराला झाली वो सवय," ती म्हणाली. "मला न्हाई झाली."