ढब्बूसाठी लावलेला पाला

जुईनगरच्या मुक्ताबाईंना मांजरं अजिबात आवडत नाहीत. त्या स्वतःच सांगतात, मग खोटं कसं असेल! लेकीला, दीक्षाला, पुण्यात नोकरी लागली आणि तिचा बोका ढब्बू आईच्या गळ्यात पडला, तेव्हा "ही ब्याद कशाला?" म्हणून त्यांनी केवढं आकांडतांडव केलं. गंमत म्हणजे ढब्बूलाही मुक्ताबाई आवडेनात. कपाटाखालून बाहेर येईल तर शपथ.

"आई, त्याला करमत नाय तिथे. थंडी संपली की घेऊन जाते," दीक्षा फोनवर म्हणाली.

"ने बाई, सुटले मी!" म्हणत मुक्ताबाईंनी फोन ठेवला आणि त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. नवरा जाऊन वर्षं झालेली, लेक पुण्यात. घरात बोलायला तो एक बोकाच होता.

शेजारच्या नंदिनीने कॅटनिपचं बी आणून दिलं. पुदिन्याच्या भावकीतलं झाड, वासानेच मांजरं खुळावतात म्हणे. मुक्ताबाईंनी खिडकीच्या ग्रिलमध्ये कुंडी ठेवली, शेंडे खुडून खुडून झुडूप डेरेदार केलं आणि कळ्या धरताच कापणी केली. सोसायटीतले झाडून सगळे बोके ग्रिलखाली लोळण घेऊ लागले. ढब्बूने मात्र पाला हुंगला, शिंकला आणि परत कपाटाखाली गेला. काही मांजरांना कॅटनिपचं सोयरसुतक नसतं, त्यातलाच हा नग!

पण मुक्ताबाई हार मानतात होय? पाला वाळवून बघ, वास वाढतो, असं नंदिनीने सुचवलं. आता वाळवण म्हटल्यावर कोकणातली बाई कुठली टोपली काढणार? सुक्या जवळ्याची, त्या बारक्या वाळक्या कोळंबीची! वाळलेला पाला त्यांनी जुन्या मोज्यात भरून शिवला. ढब्बू कपाटाखालून जो सुटला तो थेट त्यांच्या मांडीवर.

"बघ, पाला लागू पडला!" त्यांनी नंदिनीला ऐकवलं. नंदिनी नाकाला पदर लावून हसली.

थंडी सरली आणि दीक्षा पिंजरा घेऊन आली. ढब्बू आईच्या मांडीवर मोजा चावत पसरलेला. तिने मोजा हुंगला.

"आई, ह्याला जवळ्याचा वास येतोय."

मुक्ताबाईंचं तोंड एवढंसं झालं. "मग... नेतेस?"

दीक्षाला हसू आवरेना. "मी हॉस्टेलवर होते तेव्हा मला पण अशीच बोलवायचीस. जवळा केलाय म्हणून फोन करायचीस!"

"तू यायचीस गं," मुक्ताबाई ढब्बूच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "पण राहायची नाहीस. ह्याला तरी राहू दे."

दीक्षा रिकामाच पिंजरा घेऊन गेली, पण ठरल्यापेक्षा दोन दिवस उशिरा.