मेंढीच्या पोटातले जिवाणू

भातकापणी झाली की आमच्या बोईसरच्या सोसायटीमागच्या शेतात मेंढ्या बसतात. लेंड्यांचं खत मिळावं म्हणून शेतकरीच मेंढपाळांना बोलावतो. गेल्या वर्षी सोसायटीच्या पूजेत पातेलंभर मसालेभात उरला. आमचे चेअरमन पोटातल्या चांगल्या जिवाणूंसाठी रोज महागडं बाटलीतलं दही पितात. पुण्य लागेल म्हणून त्यांनी तो भात मेंढ्यांपुढे ओतायला लावला.

संध्याकाळपर्यंत दोन मेंढ्यांची पोटं नगाऱ्यासारखी फुगली. पालघरहून गुरांचे डॉक्टर आले. ते म्हणाले, मेंढीच्या पोटातले जिवाणू गवत पचवतात. एकदम एवढा भात पडला की आत सगळं आंबतं आणि ते मरतात. मग त्यांनी एका धडधाकट मेंढीच्या तोंडातून रवंथाचा चोथा काढला, पाण्यात कालवला आणि आजारी मेंढ्यांना पाजला. चेअरमननी नाकाला रुमाल लावला. यांच्या बाटलीतही जिवाणूच असतात, पण ते फ्रीजमधून येतात.

मेंढ्या वाचल्या. दुसऱ्याच दिवशी गेटवर पाटी लागली, मुक्या प्राण्यांना शिळंपाकं घालू नये. आता ते वॉचमनला जातं. त्याच्या पोटाचं डॉक्टरांना कोणीच विचारलं नाही.