दोन बोटं कमी

थीम पार्कमधल्या रोलर कोस्टरपाशी पाटी होती, ‘इथून पुढे दीड तास’. दोन मिनिटांच्या आरडाओरड्यासाठी दीड तास? वीस मिनिटांच्या वर थांबायचं नाही, असं मी घरूनच ठरवून आले होते. पण वीस मिनिटं झाली की रांग नेमकी चार पावलं सरकायची आणि माझा निश्चय बारगळायचा.

माझ्यापुढे एक बाप आणि त्याची पाच-सहा वर्षांची लेक होती. फाटक जवळ आलं तसं बापाने तिच्या वेण्या सोडल्या आणि अगदी टाळूवर उंच बुचडा बांधला. मला वाटलं, उकडत असेल. मग फाटकावरची उंची मोजायची पट्टी दिसली.

तिथल्या माणसाने तळव्याने बुचडा हलकेच दाबला. “दोन बोटं कमी आहे, साहेब.”

मी मनातल्या मनात चिडले. दीड तास उन्हात उभं केलंत, ही पट्टी सुरुवातीलाच लावायला काय झालं होतं? मुलगी मात्र रडली नाही. तिने मागची लांबलचक रांग नीट पाहून घेतली.

“बाबा, परत शेवटी उभं राहू या. इथे येईपर्यंत मी वाढेन.”

मी चपापले. गळा तयार होईना म्हणून तीन महिन्यांत गाणं सोडलेली बाई मी. थांबता थांबता वाढता येतं, हे मनातही आलं नव्हतं.

आता बाप तिची समजूत घालणार, म्हणून मी पाहत राहिले. त्याने तिचा बुचडा सोडला, हात धरला आणि तो खरंच रांगेच्या शेवटाकडे चालू लागला.