नानांच्या टपरीचा चौक

नव्वदच्या दशकात सुरतजवळ उधन्याला कापडाच्या लूमवर राबलेले आम्ही चौघं आजही भेटलो, की काम कुणालाच आठवत नाही. आठवतो तो चौक! एकाने किस्सा काढला की दुसरा त्यावर आपला चढवतो, आणि घरची मंडळी जेवायला हाका मारून थकतात.

चौकाला पाटीवर नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. खानदेशातून आमची पत्रं यायची ती 'नानांची चहाची टपरी, उधना' एवढ्याच पत्त्यावर. नाना सगळी पोस्टकार्डं आधी स्वतः वाचायचे. कुणी बोललंच तर म्हणायचे, "उघडंच होतं, मी काय फोडलं?"

वाईट बातमी असली की मात्र ते आधी फुकट चहा पाजायचे, मग कार्ड द्यायचे. एकदा स्वतःला नातू झाला म्हणून खुशीत त्यांनी आमच्यातल्या सुखदेवपुढे फुकटचा कप ठेवला. सुखदेवने कपाला हातही लावला नाही. रडवेला होऊन म्हणाला, "नाना, कोन गयं?"

*

सुट्टीच्या दिवशी अर्धा रस्ता आमच्या गप्पांनीच अडायचा. ट्रॅफिकचा गुजराती जमादार "खसो, खसो!" करून घसा बसवून घ्यायचा. शेवटी तो नानांकडून अहिराणी शिकला आणि एका रविवारी गरजला, "बाजूले सरका रे भो!"

झालं! सगळा चौक त्याच्याभोवती गोळा. "साहेब, तुमनं गाव कोनतं?"

*

लग्नाचा मुलगा बघायला आलेले पाहुणे आधी टपरीवर चौकशी करत, मग घरी जात. आमच्यातल्या भगवानची तीन स्थळं टपरीवरूनच परत गेली होती. वय तिशीला टेकलेलं. बिचारा मनातून खचला होता, आम्हालाही फार वाईट वाटायचं.

चौथं स्थळ धुळ्याकडचं. मुलीच्या वडिलांनी गाव विचारलं. भगवानने उत्तर दिलं आणि त्यांच्या बशीतला चहा सांडला! लूमच्या खडखडाटात वर्षं गेलेली, हळू बोलायची सवयच राहिली नव्हती.

वडील आपल्या भावाला घेऊन रस्त्यापलीकडे गेले आणि कुजबुजू लागले. आता लूमवर कानांचा उपयोग नसतो, ओठ बघूनच बोलणं ओळखावं लागतं. इकडून आम्ही दहा-बारा जण टक लावून त्यांचे ओठ वाचत होतो.

"पोऱ्या चांगला शे," ते भावाला म्हणाले, "पन आरडस भलता."

भगवान टपरीच्या बाकावर चढला. तोंडाशी दोन्ही हात धरले आणि मधले दोन ट्रक, एक बस ओलांडून त्याचा आवाज गेला,

"नही आरडसू, मामा! आजपासून नही आरडसू!"