कोणता प्रिंटर कोणाच्या जागी

जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीत मी कॉम्प्युटरचं काम बघते. त्यात सगळ्यात जास्त डोकं खातात ते प्रिंटर. पेरणीच्या तोंडावर पॅकिंग हॉलमध्ये पिशव्यांची लेबलं छापणारे तीन प्रिंटर दिवसभर चालतात. त्यातला एक तरी रोज अडतो, आणि अडला की मॅनेजर साहेबांचा फोन मला.

त्या हंगामात साहेबांनी सांगितलं, "एक बंद पडला तर काम आपोआप दुसऱ्यावर गेलं पाहिजे. कोणता कोणाच्या जागी चालतो ते ठरवा. उद्यापर्यंत."

मी खुर्चीत बसूनच ठरवलं. मॉडेल, लेबलचा आकार, छपाई, असा तक्ता केला. तिसरा प्रिंटर लहान लेबलांचा, तो बाद. पहिला आणि दुसरा अगदी सारखे. हॉलमध्ये जाऊन वायरी तपासल्या आणि कॉम्प्युटरवर दोघांना छपाईच्या एकाच रांगेत जोडलं, म्हणजे एक अडला की काम दुसऱ्यावर जाईल. चाचणीचं लेबल दोन्हींवर स्वच्छ उमटलं. साहेब खूश झाले, आणि मलाही जरा बरं वाटलं.

चौथ्या दिवशी दुपारी, प्रिंटरमध्ये रोल भरणाऱ्या मावशी माझ्या टेबलाशी आल्या. हातात एक लेबल होतं.

"ताई, सोयाबीनच्या पिशवीवर लाल पट्टी न्हाई."

औषध लावलेलं बियाणं विषारी आहे, खाऊ नका, जनावरांना घालू नका, हे त्या पट्टीवर लिहिलेलं असतं. पट्टी आमचा प्रिंटर छापत नाही, ती रोलवर आधीच छापून येते. पहिल्या प्रिंटरमध्ये पट्टीचा रोल होता, दुसऱ्यात औषध न लावलेल्या बियाण्याचा साधा. सकाळी पहिला अडला आणि सोयाबीनची लेबलं गुपचूप दुसऱ्यावर गेली.

"मावशी, हे आधी का नाही सांगितलं?" मी चिडूनच विचारलं.

"मला कुणी इचारलं? तुम्ही आल्त्या, वायरी बघून गेल्त्या."



हॉलमधल्या पिशव्या थांबवल्या. पण एक टेम्पो भोकरदनला पोचला होता. साहेब म्हणाले, "प्रिंटर सारखेच होते ना?"

"प्रिंटर सारखेच आहेत. आतले रोल वेगळे आहेत."

"ते तुम्ही बघायला पाहिजे होतं."

एका दिवसाची मुदत कोणी दिली, हे ओठांवर आलेलं मी गिळलं.

पट्टीची लेबलं छापून घेतली, मावशींना सोबत घेतलं आणि कंपनीच्या गाडीनं भोकरदन गाठलं. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून आम्ही दोघींनी एकेका पिशवीवर लेबल चिकटवलं. एक पिशवी मात्र विकली गेली होती. गिऱ्हाईक जाफराबादकडच्या एका गावचं. दुकानदारानं फोन लावून माझ्या हातात दिला.

"दादा, पिशवी फोडली का?"

"फोडली की. उगवण बघायला मूठभर काढलं, उरलेले दाणे कोंबड्यांना टाकले."

"ते विषारी आहे. कोंबड्या तिथून हाकला आधी."

"रंग दिसला व्हता, पण रंग तर हल्ली समद्याच बियाण्याला असतो. पिशवीवर तसं काही लिहिलं न्हाई, ताई."

दुसऱ्या दिवशी दुकानदाराचा फोन आला. त्या माणसाच्या तीन कोंबड्या मेल्या होत्या. घरात लहान पोरं आहेत, असंही दुकानदार सहज बोलून गेला. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

मग मावशींना शेजारी बसवून तक्ता पुन्हा केला. या वेळी पहिला रकाना रोलचा होता. पहिल्या प्रिंटरच्या पुढे, त्याच्या जागी चालणारा, या रकान्यात मी 'कोणी नाही' असं लिहिलं. साहेबांनी ते वाचलं.

"म्हणजे लाईन थांबणार."

"थांबणार. मावशी दुसऱ्यातला रोल बदलतील, एक लेबल बघतील, मगच काम पुढे जाईल."

त्यांनी तीन दिवस सही केली नाही. मी सहीविनाच रांगा वेगळ्या केल्या. त्या हंगामात पहिला प्रिंटर आणखी दोनदा बंद पडला. रोल बदलायला मावशींना दहा मिनिटं लागतात. दोन्ही वेळा त्या दहा मिनिटांत साहेबांनी मला तीन-तीन फोन केले आणि दर वेळी तेच विचारलं, "दुसरा तसाच आहे ना, मग त्याच्यावर का टाकत नाही?"