पंचवीस ग्रॅमची थरथर

११ ऑक्टोबर २०२४, शुक्रवार. मोटारसायकलचा पुढचा टायर, ट्यूबलेस, नग एक: दोन हजार एकशे चाळीस रुपये. ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोजवळ देवरामचे टायरचे दुकान आहे. तिथे गुणाजी तळवडेकरने हे पैसे मोजून दिले आणि टायर हातात घेता घेता विचारले, “मोटारसायकलचं चाक बॅलन्स करून देता का?”

देवराम हसला. “काका, ते कारला करतात. बाईकला नाही लागत.”

“का लागत नाही?”

“आजपर्यंत कुणी विचारलं नाही ना, म्हणून नाही लागत.”

हे उत्तर गुणाजीला पटले नाही. गाडी त्याच्या मुलीची, संचिताची. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दुकानात टायर बदलला, तेव्हापासून पंचावन्नच्या पुढे गेले की हँडल थरथरायचे. टायर झिजला तरी थरथर गेली नाही. आता नवा टायर कुणाकडूनही चढवून घेतला आणि पुन्हा तेच झाले, तर? त्याने देवरामला सांगितले की टायर मी घरीच बसवणार आणि चाकाचा तोलही मीच बघणार. देवरामने एकदा त्याच्या पांढऱ्या मिशांकडे पाहिले आणि खणातून शिशाची एक चिकटपट्टी काढून दिली. पाच-पाच ग्रॅमचे बारा तुकडे होते तिच्यावर.

“कारची आहे, पण चालेल. जेवढे तुकडे लावाल तेवढ्याचेच पैसे द्या. पाच रुपये तुकडा. उरलेले परत आणा.”

टायर खांद्यात अडकवून गुणाजी डोंबिवलीला घरी आला.

तोल हा गुणाजीचा धंदाच होता. वेंगुर्ल्याकडच्या गावातून एकोणिसाव्या वर्षी तो ठाण्याला आला आणि वागळे इस्टेटमधल्या वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या एका लहान कारखान्यात चिकटला. अडतीस वर्षे झाली, तो तिथेच आहे. किराणावाल्यांचे, सोनारांचे, भंगारवाल्यांचे काटे त्याच्या हाताखालून गेले. त्याला काम शिकवले धाकू मिस्त्रीने. धाकू मिस्त्री पहिल्या दिवशी त्याच्यासमोर एक तराजू ठेवून म्हणाला होता, “बघ, बरोबर आहे का?” काटा अगदी मधोमध उभा होता. गुणाजी म्हणाला, बरोबर आहे. मिस्त्रीने एका पारड्यात पाच ग्रॅमचे वजन टाकले. काटा हलला नाही. दहा टाकले, तरी नाही. “आतून गंजलाय,” मिस्त्री म्हणाला. “हा मेलेला काटा. मधे उभा दिसला म्हणून खूश व्हायचं नाही. आधी लहान वजन टाकून बघायचं, तो हलतो का. हलला तर जिवंत. मग पुढचं.”

तेव्हापासून गुणाजीला ती सवयच लागली. भाजीवाल्याकडेसुद्धा तो आधी रुपयाचे नाणे पारड्यात टाकून बघायचा. त्याची बायको माया अशा वेळी दोन पावले लांब जाऊन उभी राहायची.

संचिता एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. दोन वर्षे काउंटरवर काढल्यावर तिला आता घरोघरी जाऊन नमुने गोळा करायचे काम मिळत होते. सोमवारपासून ठाण्यातली चौदा घरे, पहिले घर सकाळी साडेसहाला. पगारात फरक होता, आणि दिवसभर खुर्चीला चिकटून बसायचे नव्हते, ते तिला जास्त महत्त्वाचे होते. पण नमुन्यांचा डबा पाठीवर घेऊन शीळफाट्यावरून रोज ये-जा करायची, ती थरथरणाऱ्या हँडलने कशी करायची? तिच्या साहेबांनी, नयन सरांनी, रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत हो की नाही ते कळवायला सांगितले होते. नाही म्हटले तर दुसऱ्या कुणाला तो मार्ग देणार होते.

“बाबा, दुकानात टाकूया ना,” ती म्हणाली. “रिस्क नको.”

“दुकानात टाकली होतीस ना मागच्या वेळी?”

संचिताने गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली.

शनिवारी दसरा. सकाळी मायाने पाट मांडला. त्यावर गुणाजीची पितळी वजनांची पेटी ठेवली, हळदकुंकू वाहिले, झेंडूची फुले आणि आपट्याची पाने ठेवली. एक ग्रॅमपासून पाचशे ग्रॅमपर्यंतची ही वजने धाकू मिस्त्रीने कामावरून निवृत्त होताना त्याला दिली होती. दरवर्षी दसऱ्याला त्यांची पूजा व्हायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फुले उतरवेपर्यंत पेटीला कुणी हात लावायचा नाही, हा या घरातला नेम होता.

गाडीची पूजा नव्या टायरनंतर, असे ठरवून गुणाजी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरला. गाडी मधल्या स्टँडवर घेतली, इंजिनखाली वीट आणि फळी सरकवून पुढचे चाक अधांतरी केले. चाकाच्या मधला दांडा, ॲक्सल, ओढून चाक काढले, ब्रेकच्या दोन पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला आणि संचिताला बजावले, “आता ब्रेक दाबायचा नाही. दाबलास तर पॅड चिकटून बसतील.”

आवडाबाई म्हात्रे पलीकडे खुर्ची टाकून बसल्या होत्या. इमारत उभी राहिली ती त्यांच्याच शेतावर, त्यामुळे पार्किंगमधले कुठलेही काम त्यांच्या नजरेखालीच व्हायचे.

“काय रं गुणाजी, सणाचं चाक काढून बसलास?”

“नवा टायर घालतोय, आवडाबाई.”

“मंग दुकानवाले काय मेले?”

जुना टायर रिमला असा धरून बसला होता की पायाने दाबून सुटेना. शेवटी सुताराच्या शिकंज्याने कड दाबून दाबून सैल केली. साबणाचे पाणी लावले, रिमला ओरखडे पडू नयेत म्हणून तेलाच्या डब्याच्या प्लास्टिकच्या पट्ट्या कापून मध्ये घातल्या आणि लोखंडी लिव्हरने एकेक वीत कड बाहेर काढली. नवा चढवताना निम्म्यावर येऊन तो अडला. संचिता लिव्हरवर अंगाचा भार टाकायला लागली, तेव्हा गुणाजीने तिला थांबवले.

“इतका जोर लागतोय म्हणजे काहीतरी चुकतंय.”

चूक पलीकडच्या बाजूला होती. रिमच्या मध्ये एक खोलगट भाग असतो. समोरची कड त्या खळग्यात ढकलून दिली की अलीकडे तेवढी जागा सुटते. गुणाजीने गुडघ्याने पलीकडची कड आत दाबली आणि अलीकडची जवळजवळ हातानेच चढली. दोघेही क्षणभर त्या टायरकडे बघत राहिली. मग टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना, टायरची हलकी बाजू दाखवणारा पिवळा ठिपका व्हॉल्व्हपाशी आहे ना, ते त्याने पुन्हा पाहिले. पायपंपाची हवा कडेने निसटत होती, म्हणून टायरभोवती दोरी बांधून काठीने पिळली. मग हवा धरली, आणि फट, फट असे दोन आवाज होऊन दोन्ही कडा रिमला बसल्या.

आता तोल. ॲक्सलच्या भोकाला दोन्ही बाजूंनी असलेल्या रबरी सीलमध्ये, म्हणजे धूळ अडवणाऱ्या कड्यांमध्ये, गुणाजीने सढळ हाताने नवे ग्रीस भरले, ॲक्सल घातला आणि दोन स्टुलांवर त्याची टोके ठेवून चाक मध्ये लटकवले. जड बाजू असेल तर ती खाली येऊन थांबणार. त्याने चाक फिरवले, थांबले तेव्हा तळाशी आलेल्या जागेवर खडूने खूण केली. पुन्हा फिरवले, खूण दुसरीकडे आली. तिसऱ्यांदा तिसरीकडे.

“कुठेही थांबतंय,” तो म्हणाला. “म्हणजे एकही बाजू जड नाही. एक तुकडासुद्धा लागला नाही, बघ.”

“झालं?” संचिताने विचारले.

त्याला पाच ग्रॅमचे वजन लावून बघायचे होते; शिशाचा तुकडा एकदा चिकटवला की परत देता येणार नव्हता, म्हणून पितळी वजन हवे होते. तो वर गेला, पाटासमोर उभा राहिला. मायाने स्वयंपाकघरातूनच सांगितले, “अहो, आज हात लावायचा नाही हां.”

“एकच वजन हवंय.”

“एक काय न दहा काय. उद्या सकाळी घ्या की सगळी.”

एका दिवसाचा तर प्रश्न, असे म्हणून तो खाली आला. चाक बसवले, गाडीला हार घातला. संध्याकाळी आवडाबाईंनी आपट्याची दोन पाने त्याच्या हातावर ठेवली. “एक तुझं, एक तुझ्या चाकाचं.”

रविवारी सकाळी नऊ वाजता संचिता शीळफाट्यापर्यंत जाऊन आली. हेल्मेट काढताना तिचा चेहरा गंभीर होता.

“पंचावन्नला सुरू होतंय, बाबा. आरशात मागचा ट्रक एक असतो, तो दोन दिसतो.”

“आधीसारखंच?”

“आधीसारखंच. मी नयन सरांना नाही म्हणून सांगते. पुढच्या महिन्यात बघू.”

“पाच वाजेपर्यंत सांगायचंय ना? मला तेवढा वेळ दे.”

“बाबा, तुम्ही काल पण...”

“काल पण काय?”

“काही नाही.”

गुणाजीने चाक पुन्हा काढले आणि दोन स्टुलांवर लटकवले. नवा टायर, नव्या टायरलाही तीच थरथर. म्हणजे दोष टायरात नसावा. रिम वाकली असेल? विटांमध्ये खोचलेल्या काठीला पेन्सिल बांधून रिमच्या कडेला लावली आणि चाक फिरवले. पेन्सिल सगळीकडे सारखीच घासत होती. रिम सरळ. मग उरले काय? कोडे सुटत नव्हते, आणि खरे सांगायचे तर त्याला ते सोडवावेसेच वाटत होते. पाच वाजताची घाई नसती, तर त्याला कदाचित मजाही आली असती.

एव्हाना मायाने फुले उतरवली होती. पेटी घेऊन तो खाली आला. झाकणावर कालचे कुंकू तसेच होते. चिमट्याने पाच ग्रॅमचे वजन उचलून त्याने चिकटटेपने चाकाच्या एका बाजूला, ॲक्सलच्या उंचीवर लावले. एवढ्याने ती बाजू हळूच खाली यायला हवी होती.

चाक हलले नाही.

दहा लावले, हलले नाही. वीस लावले, तरी नाही. पन्नास लावल्यावर ते कुरकुरत जेमतेम दोन बोटे सरकले.

गुणाजी तिथेच फरशीवर बसला.

“काय झालं रं?” आवडाबाईंनी विचारले. “सोन्याचा हाय का टायर, वजन करतंस तो?”

“मेलेला काटा, आवडाबाई,” तो म्हणाला. “अडतीस वर्षं लोकांचे काटे तपासतोय, आणि काल स्वतःच फसलो.”

काल चाक कुठेही थांबत होते ते तोलामुळे नव्हे. ॲक्सलला रबरी सील घट्ट घासत होते, त्यात त्याने स्वतःच्या हाताने दाट ग्रीस ठासले होते. जड बाजूला खाली यायचे होते, पण सील तिला येऊ देत नव्हते. पारड्यात पाच ग्रॅम टाकून बघितल्याशिवाय काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्याला माहीत होते. पण काल वजने पाटावर होती, आणि ती नाहीत म्हणून त्याने तपासणीच सोडून दिली होती.

त्याने संचिताला हाक मारली. दोघांनी मिळून सील जपून काढले, ॲक्सल रॉकेलने लख्ख पुसला. मग विटांच्या दोन थप्प्यांवर दोन लोखंडी पट्ट्या उभ्या धारेवर बसवल्या आणि पाणसळ लावून कागदाच्या घड्या सरकवत दोन्ही एका पातळीत आणल्या. ॲक्सलची टोके त्या धारांवर ठेवली. आता घासायला जवळजवळ काहीच नव्हते. गुणाजीने हात सोडला.

चाक आपणहून फिरू लागले. घाई न करता अर्धा फेरा गेले, थोडे मागे आले, परत पुढे गेले, झोके घेत घेत थांबले. खडूची खूण व्हॉल्व्हपासून दोन वीत अंतरावर पडली. पुन्हा फिरवले, तीच जागा खाली. तिसऱ्यांदाही तीच.

“आई शप्पथ,” संचिता म्हणाली. “हे काल कुठे होतं?”

“इथेच होतं. बोलत नव्हतं.”

जड जागेच्या बरोबर समोर त्याने दहा ग्रॅम लावले. चाक अजून खाली झुकत होते, पण सावकाश. वीस लावले, आणखी सावकाश. वीसवर पाच ठेवले, तेव्हा ते जिथे सोडावे तिथे राहू लागले. मग त्याने कालची राहिलेली गोष्ट केली. एका बाजूला आणखी पाच ग्रॅम लावले, ती बाजू खाली गेली. ते काढून दुसऱ्या बाजूला लावले, ती खाली गेली. काटा जिवंत होता आणि मधे उभा होता. पितळी वजने पुसून पेटीत ठेवली आणि त्यांच्या जागी शिशाचे पाच तुकडे दाबून चिकटवले. सील पुन्हा बसवताना या वेळी ग्रीस फक्त बोटाला लागेल एवढेच लावले.

पावणेचारला दोघे निघाली. गुणाजी मागे बसला होता. काटईच्या पुढे रस्ता जरा मोकळा मिळाला. संचिताने पन्नास केले, पंचावन्न केले. गुणाजी तिच्या खांद्यावरून आरशात बघत होता. मागे एक सिमेंटचा ट्रक येत होता. साठ झाले.

“किती ट्रक?” त्याने हेल्मेटमधून ओरडून विचारले.

“एकच.”

शीळफाट्याच्या अलीकडे तिने गाडी बाजूला घेतली, हेल्मेट आरशाला अडकवले आणि फोन लावला. “नयन सर, मी संचिता. मी घेते तो रूट. हो, उद्या साडेसहाला.” फोन ठेवून तिने वडिलांकडे पाहिले. ते वाकून मागचे चाक बघत होते.

“आता ते नको, बाबा.”

“नाही गं, फक्त बघतोय. हे किती जड असेल?”

शिशाचे सात तुकडे उरले आहेत, ते पितळी वजनांच्या पेटीत आहेत. वापरलेल्या पाचांचे देवरामचे पंचवीस रुपये अजून द्यायचे आहेत.