नत्थूजींची नाली

नत्थूजी मेश्राम सरकारी कागदाला शिवी देत, पण आधी तो पुरता वाचून मगच. शाळा चौथीपर्यंत. बाकीचं शिक्षण मिलच्या गेटवरच्या सभांत आणि वाचनालयाच्या बाकावर झालेलं. बाबूनं ‘नियम आहे’ म्हटलं की हे विचारत, ‘‘कोनत्या तारखेचा? दाखव.’’ त्यामुळे मैत्रीवाडीत त्यांना मान होता, आणि कचेरीत ते दिसले की बाबूंना एकदम चहाची तलफ येई.

मैत्रीवाडी म्हणजे उत्तर नागपुरात रेल्वेलाइनीला लागून वसलेली शंभरेक घरं. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या माणसांनी ओसाड जागेवर ती उभी केली. जुन्या गावकुसाबाहेरची घाण इथं येऊ द्यायची नाही, हे तेव्हाच ठरलं होतं. दर रविवारी वंदना झाली की घरटी एक माणूस तासभर श्रमदानाला. कोणी चुकलं तर नत्थूजी त्याच्या दारात उभं राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्याच्या तब्येतीची चौकशी करत. अशा रविवारांतून गल्ल्या सरळ झाल्या. कुठल्याशा पडक्या भिंतीच्या विटा डोक्यावर वाहून आणल्या आणि वस्तीभर सांडपाण्याची पक्की नाली बांधली. तिच्यात एक काडी अडकली तरी नत्थूजींचा घास अडकायचा.

नव्हतं ते फक्त पाणी. नळ होता रुळांपलीकडे. बाया डोक्यावर पाण्याच्या दोन-दोन पितळी गुंड्या घेऊन लाइन ओलांडत, आणि मालगाडी उभी असली तर डब्याखालून वाकून येत. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात नत्थूजींची बायको देवकी अशीच डब्याखाली असताना गाडीनं झटका दिला. देवकी वाचली, गुंडी चपटी झाली. त्या दिवसापासून नत्थूजींनी एकच ध्यास घेतला: नळ लाइनीच्या अलीकडे आला पाहिजे.

पुढच्या वर्षी झोपडपट्टी सुधार योजना निघाली. नळ, दिवे, संडास, सगळं सरकारी खर्चानं. आधी पाहणी होणार, मग यादी लागणार. पाहणीचा साहेब सोमवारी येतो असं कळलं आणि नत्थूजींनी रविवारचं श्रमदान दिवसभर लावलं.

‘‘साहेबाचे डोळे फाटले पाह्यजे,’’ ते म्हणाले. ‘‘त्याले वाटलं पाह्यजे, इतके चांगले लोकं, आन यायले नळ नाही?’’

कोपऱ्यावरच्या कांताबाईची जीभ नत्थूजींच्याच तोडीची. ती म्हणाली, ‘‘जशी हाय तशीच दाखवा ना गा वस्ती. पोरगी पाहाले थोडीच येऊन राहिले पाव्हणे?’’

‘‘तू चूप राय वं. चिखलात लोळणाऱ्यावर सरकार दया करते. आपल्याले दया नाही पाह्यजे, हक्क पाह्यजे.’’

सोमवारी भिंतींना ताजा चुना होता. नालीत बोट फिरवावं तर धूळ लागू नये. आणि साहेब उन्हातून येणार, तो तहानलेला राहिला तर वस्तीची इज्जत काय, म्हणून प्रत्येक दाराशी भरलेला माठ, त्यावर धुतलेलं पांढरं फडकं. त्यासाठी देवकीनं पहाटेपासून सहा खेपा केल्या होत्या. रुळांवरूनच.

साहेब तरुण होता, सज्जन होता. घामाघूम होऊन आला आणि एका दमात दोन गिलास पाणी प्यायला. ‘‘वा! काय गार पाणी आहे!’’ नालीच्या कडेनं शेवटपर्यंत चालला. ‘‘अशी नमुनेदार वस्ती मी अजून पाहिली नव्हती.’’ नत्थूजींची छाती फुगली. त्यांनी लाइनीची, डब्याची, चपट्या गुंडीची सगळी हकीकत सांगितली. साहेबानं मनापासून मान हलवली. पण त्याच्या छापील तक्त्यात माठ कोण भरतं याला रकाना नव्हता.

दिवाळीत यादी लागली. मैत्रीवाडीचं नाव नाही.

नत्थूजी कचेरीत गेले. गिरिधरबाबूच्या टेबलावरचा कागद त्यांनी समोरून उलटाच वाचला. पाणी: उपलब्ध. निचरा: समाधानकारक. गल्ल्या: स्वच्छ. शेरा: झोपडपट्टीच्या व्याख्येत बसत नाही.

‘‘मंग कायच्या व्याख्येत बसते?’’

‘‘कॉलनी असेल.’’

‘‘कॉलनी म्हणून नळ मागाले गेलो तं कार्पोरेशन म्हणते, जागा मंजूर नाही, तुमी झोपडपट्टी. इकडं म्हणता, तुमी कॉलनी. मंग आमी हावो तरी कोन? भुतं?’’

गिरिधरबाबूनं इकडंतिकडं पाहिलं. मनानं वाईट नव्हता तो. हळूच म्हणाला, ‘‘नत्थूजी, फेब्रुवारीत फेरपाहणी आहे. नाल्यापलीकडच्या वस्तीचं नाव लागलं, कारण तिथं गुडघाभर चिखल आहे. माझं ऐका. नाली बुजवा. दोन महिने पाणी तुंबू द्या. नळ येतो.’’

त्यावर नत्थूजी जे बोलले ते इथं लिहिता येत नाही. शिपायानं त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

वस्तीत येऊन त्यांनी सगळं सांगितलं, ते आपल्यासारखेच सगळे पेटून उठतील या भरवशानं. कांताबाई शांतपणे म्हणाली, ‘‘मंग बुजवू ना.’’

‘‘दहा वर्साचे रविवार हायत त्याच्यात!’’

‘‘आन माह्या मानेत दहा वर्साचं पाणी हाय. तुमी एकदा तरी त्या डब्याखालून गेले का गा, नत्थूजी?’’

नत्थूजींनी आधारासाठी देवकीकडं पाहिलं. ती जमिनीकडं पाहत म्हणाली, ‘‘मले नळ पाह्यजे.’’

पुढच्या रविवारी वंदना झाली आणि घरटी एक माणूस फावडं घेऊन हजर झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एकही गैरहजर नव्हता. पहिलं घमेलं नत्थूजींनीच टाकलं, आणि टाकता टाकता ओरडले, ‘‘फक्त माती टाका! कोनी वीट फोडली तं तंगडं मोडीन त्याचं!’’

फेब्रुवारीत दुसरा साहेब आला. तुंबलेल्या पाण्यावर डास घोंगावत होते. त्यानं नाकाला रुमाल लावला. ‘‘तुम्ही लोकांनी जरा मनावर घेतलं तर अशी घाण राहणार नाही. स्वच्छतासुद्धा सरकारनंच आणून द्यायची का?’’

सगळी वस्ती नत्थूजींच्या तोंडाकडं पाहू लागली. कांताबाईनं मागून त्यांच्या सदऱ्याचं टोक घट्ट धरलं.

‘‘अडाणी हावो, साहेब,’’ नत्थूजी म्हणाले. ‘‘समजत नाही.’’

साहेबानं तक्ता भरला.

उन्हाळा लागायच्या आत नळ आला. त्याच आठवड्यात नत्थूजींनी अर्ज दिला: आमची नाली आम्हीच मोकळी करून घेतो. उत्तर आलं की वस्ती आता योजनेत समाविष्ट आहे; निचऱ्याचं काम निधी उपलब्ध झाल्यावर ठेकेदारामार्फत होईल; रहिवाशांनी परस्पर खोदकाम करू नये. नत्थूजींनी ते शेवटच्या सहीपर्यंत वाचलं, मग शिवी दिली.

रविवारी वंदना संपली. ते कुदळ घेऊन उठले. बाकी कोणी उठलंच नाही.

‘‘काहून खोदाची?’’ शेजारचा रुपराव म्हणाला. ‘‘यादीत हावो ना आता आपण. सरकार करन.’’

नत्थूजी दारोदार गेले. तब्येतीची चौकशी केली, बापजाद्यांची केली. आजवर ज्या आवाजानं माणसं शरमेनं बाहेर येत, त्या आवाजाला आज आतून रेडिओ मोठा झाला. मग ते एकटेच खोदू लागले. एक घाव मातीवर, एक शिवी एकेका घराच्या नावानं.

देवकी नळावर होती. गिलास भरून आली. ‘‘अवो, आधी पाणी प्या. मंग द्या शिव्या.’’

ते प्यायले. पाणी गार होतं, गोड होतं, दहा पावलांवरून आलेलं होतं. म्हणून तर संताप आणखीच चढला. त्यांनी गिलास परत दिला आणि रुपरावच्या घरापासून पुन्हा सुरुवात केली.